इंजिन खोलण्याआधी टाकीचं झाकण बघा
गटाचा जुना ट्रॅक्टर बंद पडला तर काय तपासायचं, काय आपण करायचं आणि मिस्त्रीला काय विचारायचं



मिरग निघाला की आपल्या जालना जिल्ह्यात एकच घाई असते. पाऊस पडून रानाला वाफसा आला की सोयाबीन, कपाशी, तूर सगळं चार-आठ दिवसांत जमिनीत गेलं पाहिजे. काळ्या रानातला वाफसा कुणासाठी थांबत नाही. आणि नेमक्या त्याच दिवशी ट्रॅक्टर धाप टाकतो.

आमच्या गटावर ही वेळ आली होती. आमचा ट्रॅक्टर जुना, दुसऱ्याकडून घेतलेला. त्याचं भाडं येतं, त्यातून कर्जाचा हप्ता जातो. पेरणीचे दहा-बारा दिवस हीच खरी कमाई. त्याच दिवसांत ट्रॅक्टर विचित्र वागायला लागला. सकाळी एका झटक्यात चालू व्हायचा. अर्ध्या-पाऊण तासाने दम सोडायचा आणि बंद पडायचा. पंधरा-वीस मिनिटं उभा राहिला की परत चालू, आणि परत तेच.

मिस्त्री आला. म्हणाला, "पंप उतरवावा लागेल. इंजिन पण थकलंय, खोलून बघू." खर्चाचा आकडा ऐकून आमच्या हिशेब बघणाऱ्या ताईंनी वही मिटली. पण त्याच ताईंनी एक काम केलं होतं. दोन दिवस त्या ट्रॅक्टर कधी चालू झाला, कधी बंद पडला, हे वहीत लिहीत होत्या. ते वाचून दाखवल्यावर गटातल्या एका म्हाताऱ्या मावशी उठल्या आणि ट्रॅक्टरजवळ गेल्या. डिझेल टाकीचं झाकण कधीच हरवलं होतं. ड्रायव्हरने तोंडावर प्लास्टिकची पिशवी टाकून सायकलच्या ट्यूबने करकचून बांधली होती. ट्रॅक्टर बंद पडला की ती पिशवी टाकीच्या तोंडात खोल ओढली गेलेली दिसायची.

मावशी म्हणाल्या, "अगं बायांनो, तेलाच्या डब्याला एकच भोक पाडलं तर तेल येतं का? दुसरं भोक हवा जायला लागतं."

पिशवी सैल केली. त्या दिवशी ट्रॅक्टर संध्याकाळपर्यंत चालला. दुसऱ्या दिवशी तालुक्याहून भोकाचं झाकण आणलं. ना पंप उतरवला, ना इंजिन खोललं.

डिझेल जसं कमी होतं तशी टाकीत हवा यावी लागते, म्हणून झाकणाला बारीक भोक असतं. ते चिखलाने बुजलं किंवा टाकी घट्ट बांधली, तर टाकीत ओढ तयार होते आणि डिझेल खाली यायचं थांबतं. ट्रॅक्टर उभा केला की कुठूनतरी हळूहळू हवा शिरते, मग तो परत चालू होतो. एवढंच दुखणं होतं.

मिस्त्रीला दोष द्यायचा म्हणून हे लिहीत नाही. दुखणं कसं आहे हे त्याला आम्ही नीट सांगितलंच नव्हतं. ट्रॅक्टर गटाचा, कर्ज गटाचं, पण मिस्त्रीशी बोलायला ड्रायव्हर नाहीतर कुणाचे तरी मालक. आम्ही आपल्या लांब उभ्या. ते बदललं पाहिजे, म्हणून हा लेख. आपल्या जिल्ह्यात 'पोकरा' प्रकल्पातून आणि इतर योजनांमधून गटांनी अवजार बँका उभ्या केल्या आहेत, कितीतरी जणींच्या घरी जुना ट्रॅक्टर आहे. आपल्याला मिस्त्री व्हायचं नाही. पण स्वस्त आणि बाहेरचं आधी, महाग आणि आतलं शेवटी, या क्रमाने बघायला शिकायचं आहे.

इंजिनाला काय लागतं?

चुलीला काय लागतं? सरपण, हवा आणि आगीची काडी. डिझेल इंजिनाला सरपण म्हणजे डिझेल लागतं, हवा लागते, पण काडी लागत नाही. मोटारसायकलमध्ये ठिणगी देणारा प्लग असतो, तो इथे नसतो. इथे दट्ट्या म्हणजे पिस्टन हवेला इतकं जोरात दाबतो की ती हवाच तापून लाल तव्यासारखी होते. सायकलला हवा भरताना पंपाचं खालचं टोक गरम होतं, तसंच. त्या तापलेल्या हवेत नोझलमधून डिझेलचा बारीक फवारा पडला की तो आपोआप पेटतो. रुडॉल्फ डिझेल या जर्मन इंजिनिअरने १८९७ मध्ये असं इंजिन चालवून दाखवलं. आजही तत्त्व तेच आहे.

आपल्याकडच्या जुन्या बायांना हे नवीन नाही. गावात वीज येण्याआधी विहिरीवर डिझेलचं इंजिन असायचं. पुण्यात १९४६ साली किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी सुरू झाली आणि पुढे ही इंजिनं खेडोपाडी पोचली. हँडल मारून इंजिन फिरवायचं, वेग आला की वरची खिट्टी पाडायची, मग ते धडधडायचं. खिट्टी पाडली की आत दाब तयार व्हायचा. ते इंजिन ज्यांनी बघितलं आहे, त्यांना ट्रॅक्टरचं इंजिन अर्धं कळलेलंच आहे.

तर लक्षात ठेवायच्या गोष्टी तीन: डिझेल, हवा आणि दाब. आणि चालू करताना चौथी, म्हणजे इंजिन वेगाने फिरलं पाहिजे. डिझेल आणि हवेचं दुखणं बहुतेक वेळा बाहेरचं आणि स्वस्त असतं. दाबाचं दुखणं आतलं आणि महाग असतं. म्हणून पहिल्या दोन गोष्टी नीट तपासल्याशिवाय तिसरीकडे जायचं नाही.

हात लावण्याआधी

सख्यांनो, हे वगळून पुढे जाऊ नका.

- साडीचा पदर कमरेला घट्ट खोचा, ओढणी काढून ठेवा, वेणी वर बांधा, बांगड्या उतरवा. पंख्याच्या पट्ट्यात किंवा मागच्या फिरत्या शाफ्टमध्ये (पीटीओ) पदर अडकला तर सोडवायला वेळ मिळत नाही.
- हँडब्रेक ओढा, गिअर न्यूट्रल करा, चाकांना पुढे-मागे दगड लावा. मागचं अवजार जमिनीवर टेकवा.
- स्टार्टर चालत नाही म्हणून खाली उभं राहून पाना किंवा स्क्रू-ड्रायव्हर लावून ट्रॅक्टर चालू करायचा नाही. गिअर पडलेला असेल तर ट्रॅक्टर उभ्या माणसाच्या अंगावरून जातो. ड्रायव्हर कितीही जुना असला तरी त्याला हे करू देऊ नका.
- तापलेल्या रेडिएटरचं झाकण उघडू नका. उकळतं पाणी तोंडावर उडतं.
- बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवू नका. त्याच्या धुराने गुदमरून माणूस दगावू शकतो.
- डिझेलजवळ आणि बॅटरीजवळ बिडी, काडी, चिमणी नको.

तक्रार पहिली: चालूच होत नाही

आधी बघा, चावी फिरवल्यावर इंजिन फिरतं का?

*फिरत नाही किंवा रडत-रडत फिरतं.* मग दुखणं इंजिनाचं नाही, विजेचं असण्याची शक्यता जास्त. दिवे लावा आणि चावी फिरवा. दिवे एकदम मंद झाले तर बॅटरी उतरली आहे किंवा तारांची टोकं सैल आहेत. दिवे तसेच राहिले आणि आतून 'टक्' असा आवाजही नाही, तर स्विच, तार किंवा स्टार्टरचं काम आहे. बॅटरीच्या टोकांवर पांढरी-हिरवी भुकटी साचली असेल तर आधी वजा (-) बाजूची तार सोडा, मग दुसरी. खाण्याचा सोडा टाकलेल्या कोमट पाण्याने आणि जुन्या ब्रशने टोकं घासा, पुसून घट्ट बसवा. जोडताना वजा बाजू शेवटी. बॅटरीपासून ट्रॅक्टरच्या लोखंडाला जाणारी जाड तार, जिला अर्थिंग म्हणतात, तीही घट्ट आहे का बघा. पुष्कळदा तीच गंजलेली असते.

बॅटरी चांगली, स्टार्टर जोर लावतो, पण इंजिन जागचं हलतच नाही, असं असेल तर थांबा. जबरदस्ती करू नका, मिस्त्रीला बोलवा.

*इंजिन जोरात फिरतं पण पेटत नाही.* आता सायलेन्सरकडे बघा. ही सगळ्यात सोपी खूण आहे.

- धूर अजिबात नाही: डिझेल इंजिनापर्यंत पोचत नाही.
- पांढरा धूर येतो, पण इंजिन पेटत नाही: डिझेल पोचतं, पण पेटण्याइतकी आत गरमी होत नाही. थंडीत बॅटरी कमजोर असेल तरी असं होतं. बॅटरी चांगली असूनही रोज होत असेल तर नोझल, पंपाचं टायमिंग किंवा दाब बघावा लागेल.

धूर नसेल तर क्रमाने बघा. टाकीत डिझेल आहे का, काट्यावर विसंबू नका, काडी घालून बघा. स्टॉपची खेचणी पूर्ण आत गेली का? ती केबल गंजली की वर खेचणी आत गेलेली दिसते, पण खाली पंपावरचा दांडा बंदच राहतो. टाकीखालचा कॉक उघडा आहे का? झाकणाचं भोक मोकळं आहे का? फिल्टरखालच्या काचेच्या वाटीत पाणी किंवा गाळ आहे का? पावसाळ्यात कॅनमधून डिझेल भरताना पाणी जातं. वाटीच्या तळाशी पाणी वेगळं दिसतं. ते सोडून द्या.

चावी एका वेळी दहा-पंधरा सेकंदांपेक्षा जास्त फिरवू नका. मध्ये अर्धा-एक मिनिट थांबा. नाहीतर स्टार्टरही जातो आणि बॅटरीही.

'एअर घेतली' म्हणजे काय? हवा कशी काढायची?

डिझेल संपेपर्यंत ट्रॅक्टर चालवला, फिल्टर बदलला किंवा पाइप सैल झाला, की डिझेलच्या नळीत हवा शिरते. हवेचा बुडबुडा दाबला जातो पण पुढे सरकत नाही, म्हणून नोझलपर्यंत डिझेल पोचत नाही. याला एअर घेणं म्हणतात. ती काढायला अर्धा तास आणि दोन पाने पुरतात.

१. टाकीत पुरेसं डिझेल घाला, कॉक उघडा.
२. पहिल्या फिल्टरच्या डोक्यावरचा छोटा बोल्ट दोन-तीन आटे सैल करा.
३. खालच्या फीड पंपाची हाताची दांडी किंवा बटण वर-खाली करा. आधी फेसाळ डिझेल येईल. बुडबुडे संपून स्वच्छ धार आली की पंप मारता मारताच बोल्ट आवळा.
४. दुसऱ्या फिल्टरचं तसंच करा.
५. मग मोठ्या डिझेल पंपावरच्या बोल्टचं तसंच करा.
६. स्टॉपची खेचणी आत, अॅक्सिलरेटर पूर्ण, आणि चावी फिरवा.

दांडी ढिली वाटते, दाबच येत नाही, असं झालं तर घाबरू नका. आतल्या कॅमवर ती अडकलेली असते. चावीने इंजिन थोडंसं फिरवून परत दांडी मारा.

एवढं करूनही पेटलं नाही तर नोझलच्या नळ्यांतली हवा काढावी लागते. ते काम जाणकार माणसाला करू द्या. त्या नळ्यांत डिझेलचा दाब प्रचंड असतो. बारीक फवारा कातडीतून आत घुसू शकतो आणि तसं झालं तर लगेच दवाखाना गाठावा लागतो. गळती कुठे आहे ते शोधायला हात फिरवू नका, पुठ्ठ्याचा तुकडा धरा.

आणि रोज रोज एअर घेत असेल, तर रोज हवा काढत बसू नका. टाकी ते फीड पंप या भागात कुठेतरी वायसर खराब आहे किंवा रबरी नळीला चीर आहे. तिथे डिझेल बाहेर ठिबकत नसलं तरी हवा आत ओढली जाते. वायसर काही रुपयांचा असतो.

तक्रार दुसरी: चालतो, पण दम नाही

रोटाव्हेटर लावला की बसतो, चढाला गिअर उतरवावा लागतो. इथे दोन जागा आधी बघा.

*डिझेल फिल्टर.* शेवटचा कधी बदलला, कुणालाच आठवत नसेल तर उत्तर मिळालंच. धुऊन परत बसवलेला कागदी फिल्टर हा फिल्टर नव्हे. नवीन घाला. फिल्टर शेकड्यांत येतो, पंप-नोझलचं काम हजारांत जातं.

*हवेचा फिल्टर.* बहुतेक जुन्या ट्रॅक्टरला ऑइलचा एअर क्लीनर असतो. खाली एक वाटी असते, तिच्यात खुणेपर्यंत ऑइल असतं, धूळ त्यात अडकते. धुळीच्या कामात, मळणी यंत्रावर म्हणजे हडंब्यावर ट्रॅक्टर लावला असेल तेव्हा, ही वाटी रोज उघडून बघा. ऑइल चिखलासारखं घट्ट झालं असेल तर ओता, वाटी आणि वरची जाळी डिझेलने धुवा, खुणेइतकंच नवीन ऑइल घाला. जास्त घातलं तर इंजिन ते ओढून जाळतं.

एअर क्लीनरपासून इंजिनाकडे जाणारा रबरी पाइप बोटांनी वाकवून बघा. त्याला चीर असेल तर न गाळलेली धूळ थेट इंजिनात जाते. धूळ आणि ऑइल मिळून पाट्यावरच्या वाळूसारखं काम करतं. ते लायनर आणि रिंगा खाऊन टाकतं. अवेळी बांधायला आलेल्या इंजिनाच्या मुळाशी पुष्कळदा ही एवढीशी चीर किंवा कोरडी वाटी असते.

धूर काय सांगतो?

- काळा धूर: डिझेल जास्त, हवा कमी. एअर क्लीनर तुंबलाय, ओझं जास्त आहे किंवा नोझल फवारा मारण्याऐवजी ठिबकतंय. गिअर कमी करून बघा, एअर क्लीनर साफ करा. तरी राहिला तर नोझल तपासून घ्या.
- निळा धूर: इंजिन ऑइल जळतंय. आधी ऑइल पट्टीच्या खुणेपेक्षा जास्त भरलंय का, एअर क्लीनरच्या वाटीत जास्त आहे का, ते बघा. दोन्ही बरोबर असूनही सतत निळा धूर आणि दर दोन-चार दिवसांनी ऑइल कमी होत असेल, तर रिंगा किंवा व्हॉल्व्ह झिजलेत.
- पांढरा धूर, सकाळी थोडा वेळच: थंडीत चालतो. गरम झाल्यावरही राहिला आणि रेडिएटरचं पाणी कमी होत असेल, तर पाणी आत जातंय. ट्रॅक्टर थांबवा.

पाणी आणि ऑइल: रोज सकाळी दोन मिनिटं

ट्रॅक्टर सपाट जागी, इंजिन थंड, असं असताना ऑइलची पट्टी काढा, पुसा, परत घालून बघा. डिझेल इंजिनाचं ऑइल काळं होणारच, त्याला घाबरू नका. घाबरायचं ते यांना:

- ऑइल चहासारखं, दुधाळ: त्यात पाणी मिसळलंय. चालू करू नका.
- ऑइल न घालता पट्टीवर वाढलंय आणि डिझेलचा वास येतो: फीड पंपाचा पडदा फाटला किंवा पंपाच्या सीलमधून डिझेल ऑइलमध्ये उतरतंय. पातळ ऑइलने बेअरिंगं जातात.
- ऑइलचा दिवा चालताना लागला: "बांध संपवून थांबतो" असं नको. त्याच जागी बंद करा.

रेडिएटरच्या जाळीत भुसा, कपाशीचा कचरा, गवताचं बी अडकतं. जाळी आतल्या बाजूने पाणी मारून धुवा. पंख्याचा पट्टा अंगठ्याने दाबा. साधारण बोटभर दबला तर ठीक, लोंबत असेल तर ताणून घ्या. आपल्याकडचं बोअरचं पाणी जड असतं. चहाच्या पातेल्याला जसा पांढरा थर बसतो, तसाच इंजिनाच्या आत बसतो आणि मग इंजिन तापतं. कूलंट घाला, निदान साठवलेलं स्वच्छ पावसाचं पाणी वापरा.

इंजिन तापलं तर काम थांबवा आणि लगेच बंद न करता, पाणी असेल तर, एक-दोन मिनिटं हळू चालू ठेवा. पाणी संपलं असेल तर मात्र लगेच बंद करा. तापलेल्या इंजिनावर किंवा रिकाम्या रेडिएटरमध्ये गार पाणी ओतू नका. तापलेल्या मातीच्या भांड्यावर गार पाणी पडलं तर काय होतं, तुम्हाला माहीत आहे. हेडला तशीच चीर जाते.

थंड इंजिन झाकण काढून चालू केलं आणि रेडिएटरमध्ये सारखे बुडबुडे येत असतील, तर हेड गॅस्केट गेल्याची खूण आहे.

आवाज ऐका

वरून बारीक 'टिकटिक' येत असेल तर टॅपेट सेट करायला आलेत, छोटं काम आहे. खालून जड 'ठक-ठक' येत असेल, वेग वाढवला की वाढत असेल, तर बेअरिंग सैल झालंय. त्याच वेळी बंद करा. त्यानंतर ट्रॅक्टर जेवढा चालवाल तेवढा खर्च वाढेल.

खरंच इंजिन बांधायला आलंय का?

कधी कधी मिस्त्री म्हणतो ते खरंच असतं. जुनं इंजिन कायम टिकत नाही. पण 'इंजिन काम' मान्य करण्याआधी या खुणा एकत्र दिसतात का बघा:

- डिझेल, हवा, फिल्टर, बॅटरी सगळं तपासूनही सकाळी चालू व्हायला त्रास होतो.
- गरम झाल्यावरही सतत निळा धूर येतो.
- ऑइल बाहेर कुठे गळत नाही, तरी कमी होतं.
- इंजिन चालू असताना ऑइल भरायच्या तोंडातून किंवा श्वासाच्या नळीतून भसाभस धूर येतो.
- ओढ कमी झाली आहे.

एकच खूण दिसली तर आणखी तपासा. चार-पाच एकत्र दिसल्या तर टाळाटाळ करू नका. पेरणी संपवून, मळणीच्या आधीच्या रिकाम्या दिवसांत इंजिन बांधून घ्या. आणि इंजिन बांधताना एअर क्लीनर आणि त्याचा पाइपही दुरुस्त करा. नाहीतर नवीन लायनर पुन्हा तीच धूळ खाईल.

मिस्त्रीशी बोलताना

मिस्त्री म्हणजे डॉक्टर. डॉक्टरला आपण "बरं नाही" एवढंच सांगतो का? कधीपासून, कधी वाढतं, काय केलं की कमी होतं, हे सांगतो. तसंच सांगा: "थंड असताना बरा चालतो, पाऊण तासाने बंद पडतो, वीस मिनिटांनी चालू होतो. धूर काळा. फिल्टर मागच्या महिन्यात बदललाय. काल हवा काढली." असं बोललं की तोही वेगळ्या नजरेने बघतो.

आणि चार गोष्टी विचारा. हे दुखणं कशावरून ओळखलं? याच्या आधी स्वस्त काय तपासता येईल? पार्ट आणि मजुरी धरून किती खर्च, लिहून द्याल का? काढलेले जुने पार्ट आम्हाला दाखवाल ना? पंप आणि नोझल यांची तपासणी मशीनवर होते. ती करून घेतल्याशिवाय "पंप गेला" मान्य करू नका. मोठा खर्च असेल तर निर्णय उभ्या-उभ्या नको, गटाच्या बैठकीत घ्या.

एक वही ट्रॅक्टरची

आपली पंचसूत्री सगळ्यांना पाठ आहे: नियमित बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि नियमित लेखे. पैशाचे लेखे आपण ठेवतो, तसे ट्रॅक्टरचेही ठेवा. रोज तास किती चालला, डिझेल किती, ऑइल-पाणी बघितलं का, कोणता फिल्टर कधी बदलला, कधी बंद पडला आणि तेव्हा काय होत होतं. ऑइल आणि फिल्टर किती तासांनी बदलायचे ते त्या मॉडेलच्या पुस्तिकेत दिलेलं असतं. पुस्तिका नसेल तर विक्रेत्याकडून मागून घ्या. भाड्यातून दर फेरीला थोडी रक्कम देखभालीसाठी बाजूला टाका. म्हणजे ऐन पेरणीत सावकाराच्या दारात जावं लागणार नाही.

प्रत्येक गटातून निदान दोघींनी हे काम शिकून घ्यावं. खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्रात अवजारांच्या देखभालीबद्दल विचारा, तालुका कृषी कार्यालयात चौकशी करा. दहावी झालेली मुलगी घरात असेल तर आयटीआयमधला डिझेल मेकॅनिकचा एक वर्षाचा अभ्यासक्रम तिच्यासाठीही आहे. गावात ट्रॅक्टर वाढतच आहेत. ते दुरुस्त करणारी लेक का नसावी?

पुढच्या बैठकीत हा लेख वाचून दाखवा. मग सगळ्या जणी मिळून ट्रॅक्टरजवळ जा आणि फक्त एवढं करा: टाकीचं झाकण, फिल्टरची वाटी, एअर क्लीनर, ऑइलची पट्टी आणि पंख्याचा पट्टा, या पाच जागा हात लावून ओळखा. ज्यांना ठाऊक आहे त्यांनी इतरांना दाखवा.

आमच्या मावशींना वाचता येत नाही. त्या कधी ट्रॅक्टरवर बसलेल्या नाहीत. पण तेलाच्या डब्याला दोन भोकं का लागतात हे त्यांना माहीत होतं, आणि त्या दिवशी लांब उभं न राहता त्या ट्रॅक्टरजवळ गेल्या. गटाची पेरणी तेवढ्याने वाचली.